डेडस्टॉकमधली खुर्ची

मार्च महिना आला की शाळेत डेडस्टॉक रजिस्टर कपाटातून बाहेर निघतं. शाळेच्या मालकीच्या प्रत्येक टिकाऊ वस्तूची त्यात नोंद असते. घंटा, फळे, कपाटं, नकाशे, प्रयोगशाळेतला तराजू. वस्तू निकामी झाली की तिचं 'निर्लेखन' करायचं, म्हणजे नोंद रद्द करून ती लिलावात किंवा भंगारात काढायची. या वर्षी ती यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मोडके बाक, गंजलेल्या लोखंडी खुर्च्या, एक पाय नसलेलं टेबल असं लिहीत लिहीत मी कोठीच्या शेवटच्या कोपऱ्यात पोचले. तिथे धुळीत एक खुर्ची होती. रजिस्टरमध्ये तिची ओळख एवढीच होती: 'खुर्ची, लाकडी, हातांची, जुनी. नग १.'

"मॅडम, ही इंग्रजांच्या जमान्यातली दिसते. गुलामीची निशाणी. काढून टाका," आमचे इतिहासाचे सर म्हणाले. शिपाई म्हणाला, "जाळाले कामी येईल."

मी काही न बोलता खुर्ची उलटी केली. मी मिस्त्रीची मुलगी आहे. माझे अब्बा बल्लारपूरला दुसऱ्याच्या कारखान्यात चाळीस वर्षं फर्निचर बनवत होते. कुठेही गेले तरी ते खुर्ची आधी उलटी करून बघत. वरून सगळ्या खुर्च्या चांगल्याच दिसतात, असं ते म्हणत.

बैठक वेताची होती, मधोमध फाटलेली. पाठीला मध्ये एक उभी फळी, तिला सुरईसारखा आकार दिलेला. पुढचे दोन्ही पाय चौकोनी, वर जाड आणि खाली बारीक होत गेलेले, त्यांच्यावर उभ्या खाचा. अशा पायाला अब्बा 'गाजर पाया' म्हणत. कुठेही खिळा नव्हता. सगळे सांधे साल-चुलीचे, म्हणजे एका लाकडाला भोक आणि दुसऱ्याला त्यात नेमकं बसणारं टोक. लाकूड अस्सल सागवान. बैठकीच्या पट्टीच्या आतल्या बाजूला पटाशीनं मारलेल्या तीन रेघा दिसल्या.

ही खुर्ची आमच्या शाळेत कुठून आली ते रजिस्टर सांगत नाही. पण तिचा पाय आणि तिची पाठ कुठून आली, हे शोधता येतं. गेले दोन महिने मी तेच वाचत होते. सरांचा प्रश्न डोक्यात होता. ही खुर्ची नक्की कुणाची?

बी.एड.ला आम्हाला शिकवलं होतं, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जा. म्हणून आधी आपल्या तोंडातल्या शब्दांपासून सुरुवात करते.

'खुर्ची' हा शब्द अरबी 'कुर्सी'वरून मराठीत आला. अरबीनं तो आरामाईक भाषेकडून घेतला, आणि त्याचा माग काढत गेलं तर तो मेसोपोटेमियाच्या अक्कादी भाषेतल्या 'कुस्सू'पर्यंत पोचतो. आमच्या भागात कपाटाला अलमारी म्हणतात. तो शब्द पोर्तुगीज 'आर्मारियो', त्याच्या मागे लॅटिन. 'मिस्त्री' हासुद्धा पोर्तुगीजांच्या 'मेस्त्रे'वरून, अर्थ उस्ताद. अब्बांच्या पिशवीतला रंधा म्हणजे फारसी 'रंदा'. आणि काटकोन बघायचा गुण्या? फारसीत तो 'गूनिया', आणि फारसीत तो आला ग्रीक 'गोनिया'वरून, म्हणजे कोन. बल्लारपूरच्या कारखान्यात दिवसातून पन्नासदा "गुण्या दे रे" असा आवाज व्हायचा. तिथे कुणालाही ग्रीस कुठे आहे हे माहीत नव्हतं, पण ग्रीक शब्दाशिवाय एकही खुर्ची सरळ उभी राहत नव्हती.

आता लाकूड. संस्कृत 'शाक'वरून आपला 'साग'. हाच शब्द समुद्रापलीकडे जाऊन अरबीत 'साज' झाला. सातव्या शतकात हज़रत उस्मान यांनी मदिनेची मस्जिद-ए-नबवी वाढवली, तेव्हा तिचं छत 'साज'चं केलं, अशी नोंद सहीह बुखारीत आहे. इंग्रजांचा 'टीक' मात्र दक्षिणेच्या वाटेनं गेला. मल्याळममधून पोर्तुगीजांनी उचलला आणि पुढे इंग्रजांनी. म्हणजे इंग्रज इथे यायच्या हजार वर्षं आधी आपलं लाकूड आणि त्याचं नाव परदेशात पोचलेलं होतं.

आता खुर्चीच्या आकाराकडे वळू. त्यासाठी आपल्याला थोडा वेळ युरोपात जावं लागेल.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये पंधराव्या लुईच्या दरबारात 'रोकोको' नावाची शैली जोरात होती. तिच्यात सरळ रेघ शोधून सापडत नसे. खुर्चीचा पाय इंग्रजी 'एस' अक्षरासारखा वळलेला, लाकडावर शिंपले, पानं, वेली, आणि डावी बाजू उजवीसारखी असेलच असं नाही. डोळ्यांना सुखद, पण काही दिवसांनी लोकांना ते फार गोड वाटायला लागलं.

त्याच सुमारास इटलीत जमिनीखालून दोन शहरं वर आली. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियमचं खोदकाम १७३८ मध्ये सुरू झालं आणि पॉम्पेईचं १७४८ मध्ये. तोवर प्राचीन रोम म्हणजे पडके राजवाडे आणि देवळं. आता पहिल्यांदाच साध्या माणसांची घरं दिसली. भिंतींवरची चित्रं, दिवे, भांडी, बैठकी. युरोपभरचे श्रीमंत तरुण ते पाहायला येऊ लागले. जेम्स स्टुअर्ट आणि निकोलस रेव्हेट या दोन इंग्रजांनी अथेन्सला जाऊन तिथल्या पडक्या इमारती मोजल्या आणि १७६२ मध्ये त्यांचा पहिला ग्रंथ निघाला. १७६४ मध्ये जर्मनीच्या विंकेलमान यांचा प्राचीन कलेचा इतिहास आला. ग्रीकांची कला साधी आणि संयमी आहे, म्हणून ती थोर आहे, हे त्यांचं म्हणणं सगळीकडे पसरलं.

या साऱ्यातून जी शैली आली तिला नवअभिजात शैली म्हणतात. इंग्लंडमध्ये ती रुजवणारा मोठा माणूस म्हणजे रॉबर्ट ॲडम हा स्कॉटिश वास्तुकार. तो १७५४ ते १७५८ अशी चार वर्षं युरोपात, मुख्यतः इटलीत राहिला. परत आल्यावर त्यानं श्रीमंतांचे वाडे बांधले, आणि नुसत्या भिंती न बांधता आतला गालिचा, आरसा, खुर्चीसुद्धा एकाच मेळात काढून दिली.

ही शैली ओळखायची कशी? चार खुणा लक्षात ठेवा. पहिली, पाय सरळ, खाली निमुळते, बहुतेक वेळा उभ्या खाचा असलेले. दुसरी, डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी. तिसरी, पाठ लंबगोल, ढालीसारखी किंवा सरळ चौकोनी. चौथी, नक्षी ठरावीक: सुरईसारखा कलश, फुलांच्या झुलत्या माळा, फिती, गव्हाच्या लोंब्या, ग्रीक वीणा. माझ्या समोरच्या खुर्चीत यातल्या तिन्ही मोठ्या खुणा होत्या, आणि चौथीतला कलश.

पण यात एक गंमत आहे. ग्रीकांचं लाकडी फर्निचर उरलंच नव्हतं, लाकूड कुजून गेलं होतं. मग अठराव्या शतकातल्या सुतारांनी नक्कल कशाची केली? दगडाची. ग्रीक देवळाच्या खांबावरच्या उभ्या खाचा त्यांनी खुर्चीच्या पायावर आणल्या. तेही उलट्या करून, कारण खांब खाली जाड आणि वर बारीक असतो, तर पाय वर जाड आणि खाली बारीक. खऱ्या ग्रीक खुर्चीचा आकार लोकांना मातीच्या भांड्यांवरच्या चित्रांतून आणि थडग्यांवरच्या कोरीव कामातून मिळाला. तिचं नाव 'क्लिस्मॉस'. तिचे पाय तलवारीसारखे बाहेर वळलेले आणि पाठ अंगाला धरून वाकलेली. ती परत बनायला लागली अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी. १८०७ मध्ये लंडनच्या थॉमस होप यांनी घरगुती फर्निचरचं पुस्तक काढलं आणि तलवारीसारखे पाय घरोघर पोचले.

म्हणजे जिला आपण 'इंग्रजांची खुर्ची' म्हणतो ती इंग्रजांनीही उसनीच आणली होती.

ही शैली कुठल्या राजाची, हेही ठरवता येत नाही. पॅरिसमध्ये जॉर्ज जाकोब नावाचा एक कारागीर होता. त्याच्या कारखान्यानं सोळाव्या लुईच्या दरबाराला खुर्च्या दिल्या. १७८९ मध्ये राज्यक्रांती झाली, राजाचं डोकं उडालं, आणि १७९३ मध्ये क्रांतिकारकांच्या सभागृहाचं फर्निचर करायचं काम त्याच जाकोबकडे आलं. पुढे त्याच्या मुलांनी नेपोलियनच्या महालांचं फर्निचर केलं. राजा, प्रजासत्ताक आणि बादशहा, तिघेही एकाच घराण्याच्या खुर्चीवर बसले. तिकडे अमेरिकेनं राजाला झुगारून दिलं आणि आपल्या नव्या प्रजासत्ताकाला शोभेल म्हणून हीच शैली घेतली. तिथे तिचं नाव 'फेडरल' पडलं.

मग ती लंडनहून आपल्याकडे कशी आली? खुर्च्या जहाजातून आल्या हे खरं, पण त्या थोड्या. जास्त आली ती पुस्तकं. थॉमस चिपेंडेल यांनी १७५४ मध्ये फर्निचरच्या आकृत्यांचं पुस्तक काढलं आणि पायंडा पाडला. जॉर्ज हेपलव्हाइट १७८६ मध्ये वारले. त्यांची पत्नी ॲलिस यांनी १७८८ मध्ये त्यांच्या आकृत्या छापल्या, आणि ढालीच्या पाठीची खुर्ची त्यांच्या नावानं ओळखली जाऊ लागली. थॉमस शेरेटन यांचं पुस्तक १७९१ पासून भागाभागानं निघालं. त्यात सरळ चौकोनी पाठ आणि बारीक पाय. गंमत अशी, की हेपलव्हाइट यांच्या हातची म्हणून खात्रीनं दाखवता येईल अशी एकही खुर्ची आज नाही. शेरेटन १८०६ मध्ये गरिबीत गेले. ही नावं खरं तर पुस्तकांची आहेत. खुर्च्या बनवणारे हजारो हात निनावी राहिले.

अशा पुस्तकाला मी माझ्या वर्गात 'कित्ता' म्हणेन. कित्ता हा शब्दही अरबी, सुलेखनातल्या 'क़ित्आ'वरून आलेला. मुलांना मी उर्दूचा अलिफ आणि मराठीचा अ दोन्ही गिरवायला देते. कित्ता एकच असतो, पण तीस मुलांचे तीस अ वेगळे निघतात. कुणाचा पोट सुटलेला, कुणाचा वाळलेला. शेरेटनचा कित्ता हिंदुस्थानात आल्यावर हेच झालं.

पूर्व किनाऱ्यावर विशाखापट्टणमच्या कारागिरांनी या आकृत्या घेतल्या आणि लाकडावर हस्तिदंताचे पातळ पत्रे चढवले, त्यांवर वेलबुट्टी कोरून रेघांत काळी लाख भरली. कलकत्त्यात लॉर्ड वेलस्ली यांनी १८०३ मध्ये पूर्ण केलेलं गव्हर्नमेंट हाउस इंग्लंडमधल्या केडलस्टन हॉलच्या धर्तीवर बांधलं. केडलस्टनवर काम करणारा वास्तुकार तोच रॉबर्ट ॲडम. आपल्या मुंबईत १८३३ मध्ये टाउन हॉल उभा राहिला, जिथे आज एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे. तीस पायऱ्या चढून गेलं की समोर आठ डोरिक खांब. कुणी वाचक मुंबईला गेले तर त्या खांबांच्या खाचांवरून हात फिरवून बघा. त्याच खाचा मला आमच्या कोठीतल्या पायावर दिसल्या.

आपल्या हवेनं खुर्ची बदलली. इंग्लंडमध्ये बैठकीला गादी आणि रेशीम. इथे घामानं आणि कसरीनं तिची वाट लागली असती, म्हणून वेताची जाळी आली, खालून वारा लागणारी. तिकडे महोगनी, जी कॅरिबियन बेटांवरच्या जंगलांत गुलाम केलेले आफ्रिकी लोक तोडत. इथे वाळवी न लागणारं, पावसाळ्यात न फुगणारं सागवान. तिकडचा सुतार उभा राहून बाकावर काम करी. आपला मिस्त्री जमिनीवर बसून, लाकूड पायाच्या अंगठ्यांत धरून रंधा मारी. माझ्या अब्बांच्या डाव्या अंगठ्याला त्याचा घट्टा होता. ज्याला खुर्चीवर बसायची सवय नाही त्यानं जमिनीवर बसून साहेबाच्या उंचीची खुर्ची बनवायची, हे दोन शतकं चाललं.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. १८५४ मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं आणि चांदा त्यांच्या हाती गेला. तेव्हा गडचिरोली वेगळा नव्हता, तो जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. या भागानं नवी सत्ता मुकाट्यानं घेतली नाही. गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके लढले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्यात फाशी दिली. त्यानंतर कचेऱ्या आल्या, डाक बंगले आले, जंगलातली विश्रामगृहं आली. प्रत्येक ठिकाणी साहेबाला बसायला खुर्ची लागायची. लंडनच्या दिवाणखान्यातली नक्षी इथे येईपर्यंत गळून गेली. माळा गेल्या, फिती गेल्या. उरला तो निमुळता पाय, सरळ पाठ आणि वेत. सरकारी फर्निचर असंच स्वस्त आणि मजबूत झालं.

आणि लाकूड आपल्या अंगणातलं. आलापल्ली, अहेरी, सिरोंचा या पट्ट्यातला साग उंच, सरळ आणि दाट रेषांचा. पण १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी जंगलाचे राखीव, संरक्षित आणि गावाचं असे भाग पाडले, आणि साग सरकारी माल झाला. त्या जंगलात राहणाऱ्या माडिया आणि गोंड माणसानं कुऱ्हाड उचलली तर गुन्हा, आणि ठेकेदाराच्या मजुरीवर तीच कुऱ्हाड चालवली तर काम. ओंडके ओढायला हत्ती ठेवले. कमलापूरचा हत्तीकॅम्प त्याच कामाची आठवण आहे. माल बल्लारशाच्या डेपोत यायचा, त्याचे ढीग लागायचे, बोली व्हायची. अजूनही होते. २०२३ मध्ये उघडलेल्या नव्या संसद भवनाचं सागवान नागपूरहून गेलं. त्याच वर्षी अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर जिल्ह्यातून सागवान गेलं. तेराशे वर्षांपूर्वी मदिनेच्या मशिदीवर साग चढला होता. लाकडाचा प्रवास मोठा आहे. तो तोडणाऱ्याचा प्रवास बहुतेक वेळा जंगलापासून डेपोपर्यंतच होतो.

२००६ च्या वन हक्क कायद्यानं थोडं बदललं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि देशभर त्याचं नाव झालं. पण या कायद्यातली मालकी बांबू, तेंदूपानं, मोह अशा गौण वनोपजावर आहे. सागाच्या लाकडावर नाही. खुर्ची ज्या झाडाची, ते झाड अजून त्या गावाचं नाही.

या खुर्चीवर जी चमक होती तिचाही आपल्याशी संबंध आहे. 'फ्रेंच पॉलिश' हे नाव ऐकून वाटतं की ते फ्रान्सचं. ते बनतं चपडीपासून, म्हणजे लाखेपासून. लाखेचा किडा पळसावर, कुसुमावर, बोरीवर वाढतो. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या महोगनीच्या खुर्च्या आरशासारख्या चमकत होत्या त्या हिंदुस्थानच्या जंगलातल्या किड्यामुळे. अब्बा चपडी स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवत आणि सकाळी कापडाच्या गोळ्यानं गोल गोल फिरवत लावत. आमचं घर त्या वासाचं होतं.

त्या तीन रेघांबद्दल सांगायचं राहिलं. जुने सुतार खुर्ची जोडण्याआधी कुठलं टोक कुठल्या भोकात जाणार याची खूण पटाशीनं करत. युरोपातले सुतार रोमन आकडे मारत, कारण पटाशीनं सरळ रेघ पटकन निघते, गोल आकडा निघत नाही. आपले मिस्त्रीही रेघाच मारत. एक, दोन, तीन, चार. त्यामुळे ही खुर्ची इंग्रजांच्या काळातली असेलच असंही नाही. अब्बा असा पाय १९८५ मध्येही बनवत होते. लंडन ज्या फॅशनला कधीच विसरलं होतं ती बल्लारपूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये जिवंत होती, कारण गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, "मिस्त्री, कचेरीतल्यासारखी खुर्ची पाहिजे." पाठीवरच्या रोमन कलशाला अब्बा सुराही म्हणत आणि तिची मान जरा बारीक काढत, आमच्या घरातल्या मातीच्या सुराहीसारखी.

मी सातवीत असताना निकालाच्या दिवशी अब्बा शाळेत आले होते. लाकडाचा भुसा अजून केसांत होता. गुरुजींनी समोरच्या खुर्चीकडे हात केला आणि म्हणाले, "बसा." अब्बा बसले नाहीत. माझा निकाल विचारायच्या आधी ते वाकले, खुर्चीच्या पायावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "पाया अच्छा निकाला है." मग सगळा वेळ हात मागे बांधून उभे राहिले. मी पहिली आले होते, आणि मला लाज वाटत होती की माझे वडील खुर्चीकडे बघताहेत. घरी जाताना मी विचारलं, "अब्बा, बसले का नाही?" ते म्हणाले, "बेटा, वो साहब लोगों की कुर्सी है."

ज्या माणसानं आयुष्यात शेकडो खुर्च्या बनवल्या, त्याला एकीवरही बसण्याचा हक्क आपला वाटला नाही. आमचे सर खुर्चीला गुलामीची निशाणी म्हणाले, तेव्हा मला हे आठवलं. सर पूर्ण चूक नाहीत. ही खुर्ची सत्तेची होती, तिच्यासमोर आपली माणसं उभी राहिली. मराठीत 'खुर्ची' म्हटलं की अजूनही आधी सत्ताच आठवते, उर्दूत 'कुर्सी'चंही तेच. पण गुलामी त्या निमुळत्या पायात नव्हती. कुणी बसायचं आणि कुणी उभं राहायचं, या ठरलेल्या गोष्टीत ती होती. पाय जाळला तर ती जळत नाही. तो जाळला तर जळेल फक्त एका मिस्त्रीचं काम, ज्याचं नाव कुठल्याच पुस्तकात नाही, आणि एका सागाचं लाकूड, जे तोडणाऱ्याचं नाव कुठल्याच डेपोच्या वहीत नाही.

मी हे सगळं सरांना एवढ्या लांब सांगितलं नाही. मी त्यांना खुर्ची उलटी करून तीन रेघा दाखवल्या आणि खांबांची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, नववीच्या मुलांना दाखवू या का?"

डेडस्टॉकमधली वस्तू घरी नेता येत नाही आणि नेऊही नये. यादीत शेऱ्याचा एक रकाना असतो. सगळ्या वस्तूंपुढे मी 'निर्लेखनास योग्य' लिहिलं, या खुर्चीपुढे 'दुरुस्तीयोग्य'. मुख्याध्यापकांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा खुर्चीकडे पाहिलं आणि सही केली. सांधे घट्ट करायला माझा मामेभाऊ आला. तोही आता बहुतेक प्लायवूडचंच काम करतो. त्यानं पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाला की असा पाय फुप्पाजाननंतर हातात आला नव्हता. वेत विणणारा शोधायला तीन आठवडे लागले.

मी कोठीच्या नोंदीतही थोडी भर घातली. आता तिथे लिहिलं आहे: 'खुर्ची, सागवानी, वेताची बैठक, नवअभिजात पद्धतीचे पाय, साल-चुलीचे सांधे, स्थानिक कारागिराच्या हातची. नग १.' तपासणीला येणारे साहेब हसतील कदाचित. हसू देत.

खुर्ची आता मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर ठेवली आहे, पालकांसाठी. मागच्या सोमवारी एक बाई आपल्या मुलीच्या दाखल्यासाठी आल्या. वीटभट्टीवरून थेट आल्या होत्या, पदराला माती होती. खुर्ची बघून त्या दारातच थांबल्या. मी म्हटलं, "बसा ताई." त्या नको नको म्हणत राहिल्या. मी परत म्हटलं. तेव्हा त्यांनी पदरानं बैठक पुसली आणि बसल्या.